चालू संख्या एक

त्या रविवारी केतकीच्या आईनं कुरडयांचा चीक घाटायला घेतला तेव्हा ऊन अजून गच्चीच्या कठड्यापर्यंत पोचलं नव्हतं. चीक घट्ट होत आला की लाकडी चाटू फिरवायला दंडातली सगळी ताकद लागते. आई चौसष्ट वर्षांची होती आणि पातेलं चांगलं मोठं होतं.

"दे इकडे," केतकी म्हणाली.

"नको. तुझ्या हातून गाठी होतात. मग लोक म्हणतील, यंदा नीलिमाच्या कुरडया फसल्या."

"कोण लोक? खातो आपण तिघंच."

"तेच लोक सगळ्यात वाईट."

केतकी हसली. ओट्यावर ठेवलेला आईचा फोन थरथरला. पडद्यावर प्रश्न आला : काय वाटतंय? आईचे हात चिकानं माखलेले होते. तिनं न बघताच बोटाच्या पेरानं सगळ्यात वरचं मोठं बटण दाबलं आणि क्षणभर ओट्याला टेकून उभी राहिली.

"पित्त," ती आपणहूनच म्हणाली.

बाहेरच्या खोलीतून बाबांचा आवाज आला, "आकडा किती?"

"एक."

"मग ठीक आहे." पेपराचं पान उलटलं गेलं.

नंतर तिघंही गच्चीवर गेली. सोऱ्या बाबांकडे होता. तो दाबायला जोर लागतो, आणि स्वयंपाकघराशी संबंध असलेलं तेवढं एक काम ते वर्षातून एकदा आनंदानं करायचे. आई वाकून कुरडयांचे वेटोळे सारखे करत होती. मध्येच उठून तिनं पाठीवर हात दाबला, जबडा चोळला, आणि बाबांना म्हणाली, "अहो, गोल काढा. नकाशे नका काढू." कराडच्या त्या गच्चीवर त्या दिवशी दुसरं काही घडलं नाही.

आईच्या गळ्याखालच्या हाडाजवळ टिकली होती. ती कपाळावरच्या टिकलीएवढीच असे, म्हणून लोकांनी तिला ते नाव दिलं. साठीपुढच्या सगळ्यांना ती सरकारी दवाखान्यातून मिळायची. तिच्यामागचा शोध मोठा होता. हृदयाच्या स्नायूला काही मिनिटं रक्त कमी पडलं की तिथल्या पेशी उपाशी पडतात, आणि त्या उपासाची अगदी पुसट रासायनिक खूण घामात उतरते. टिकलीतला पडदा ती खूण ओळखायचा. डॉक्टर तिला 'चणचण' म्हणत. एखाद्या चणचणीला फारसा अर्थ नसतो; सदाशिवगड धापा टाकत चढणाऱ्या कुणालाही ती होऊ शकते. पण हजारो माणसांच्या टिकल्या तपासल्यावर असं दिसलं, की मोठा झटका येण्याआधीच्या आठवड्यात चणचणी वाढत जातात. सात दिवसांत पाच झाल्या तर माणसाला ताबडतोब दवाखान्यात न्यायचं. दुखतं की नाही, किती दुखतं, याला महत्त्व नव्हतं. सगळी विद्या मोजण्यावर उभी होती.

नोंदी फोनमध्येच राहायच्या. माणसाच्या शरीराची माहिती फोनबाहेर जाऊ द्यायची नाही असा कायदा झाला होता, आणि तो चांगला कायदा होता. ॲप फोनमध्येच चणचणी मोजायचं आणि जिल्ह्याच्या हृदयकक्षाला रोज फक्त एक आकडा कळवायचं. त्याचं नाव 'चालू संख्या'. शिवाय प्रत्येक चणचणीनंतर ॲप विचारायचं, काय वाटतंय? खाली बटणं असायची : छातीत दुखणं, दम लागणं, घाम, थकवा, पाठदुखी, पित्त. जे बटण माणूस जास्त वेळा दाबेल ते मोठं होऊन वर यायचं. ही सोय होती.

आणखीही एक बदल झाला होता, पण तो कुठल्या माहितीपत्रकात छापलेला नव्हता. टिकली आल्यापासून घरात आईला कुणी 'कसं वाटतंय' विचारेनासं झालं होतं. बाबा साखर कारखान्यात केमिस्ट होते. उसाच्या रसाला कुणी कसं वाटतंय विचारत नाही; उपकरण लावतात आणि आकडा वाचतात. आयुष्यभर त्यांचा आकडा चुकला नव्हता.

सोमवारी सकाळी आई कुरडया उलटायला गच्चीवर गेली आणि खाली आली नाही. केतकी वर गेली तेव्हा अर्ध्या कुरडया उलटलेल्या होत्या. आईच्या कमरेला खोचलेल्या फोनवर हिरव्या वर्तुळात लिहिलं होतं, चालू संख्या १.

*

भेटायला आलेली माणसं एकच वाक्य बोलत होती. "पित्ताचं निमित्त झालं हो." बाबा मान डोलवत. केतकी चहा देत होती, कप उचलत होती, आणि तिच्या जबड्याचे स्नायू दुखत होते. या घरात आवाज चढवायची रीत नव्हती. आईनंच ती घातली होती.

दिवसकार्य उरकल्यावर टिकलीच्या कंपनीचा अहवाल आला. टिकली लावलेलं माणूस हृदयविकारानं गेलं तर तो द्यावाच लागे. दीड पानाचा होता. टिकली उत्तम चालत होती. ॲप रचनेप्रमाणे चाललं होतं. शेवटी निष्कर्ष होता : 'वापरकर्तीने लक्षणांची नोंद चुकीच्या सदरात केल्याने धोक्याची सूचना निर्माण होऊ शकली नाही.'

बाबांनी तो दोनदा वाचला आणि चष्मा काढला. त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते केतकीला बघवलं नाही. त्यांना सुटल्यासारखं वाटलं होतं.

"तिला पित्ताचा त्रास होताच," ते म्हणाले. "लग्नाच्या आधीपासून."

"बाबा, टिकली घामातली खूण बघते. आई कुठलं बटण दाबते यानं चणचण कमीजास्त होत नाही. मग सदर चुकलं म्हणून सूचना का आली नाही?"

"त्यांनी लिहिलंय ना."

"लिहिलंय. का ते लिहिलेलं नाही."

केतकी स्वतः सॉफ्टवेअर टेस्टर होती. रेल्वे तिकिटांच्या एका ॲपमधल्या चुका शोधण्याचा तिला पगार मिळायचा, घरी बसून. तिनं आईचा फोन घेतला. आत नोंदींची पाटी होती आणि तिच्यावर एकच सदर : पित्त. शेजारी बारीक त्रिकोण. तो दाबल्यावर खाली नोंदी उलगडत गेल्या. बुधवार, गुरुवार, शुक्रवार पहाट, शुक्रवार दुपार, शनिवारी तर तीन, रविवारी चीक घाटताना, गच्चीवर, पुन्हा संध्याकाळी दोनदा. अकरा होत्या. अकरा वेळा टिकलीनं बरोबर ओळखलं होतं, अकरा वेळा बरोबर नोंदवलं होतं, आणि वर हिरव्या वर्तुळात एक लिहिला होता.

ॲपमध्ये काय झालं असेल ते समजायला तिला फार वेळ लागला नाही.

फोनमधल्या नोंदी एका कोठीत असतात असं समजा. ॲप स्वतः कोठीत शिरत नाही. मध्ये एक तयार व्यवस्था असते, तिला फ्रेमवर्क म्हणतात. ती कोठीवाल्यासारखी. ॲपनं मागायचं, कोठीवाल्यानं काढून द्यायचं. पाटीवर दाखवायला ॲप नोंदी सदरांप्रमाणे गट करून मागायचं, ते ठीकच होतं. पण कधीतरी, बहुधा बॅटरी वाचवायला, कुणीतरी तीच मागणी मोजण्यासाठीही वापरली. 'गट केलेलं हे सगळं, किती आहे?' कोठीवाल्यानं इमानदारीत गट मोजले. डबे किती, असं विचारल्यावर तो डबे मोजतो. डब्यात लाडू किती, ते त्याला कुणी विचारलेलं नसतं. आईचे सगळे लाडू एकाच डब्यात होते.

ॲपमध्ये नवशिक्यांसाठी सरावाची सोय होती. तिच्यात टिकलीशिवाय खोट्या चणचणी देता यायच्या. केतकीनं पाच दिल्या आणि प्रत्येक वेळी पित्त दाबलं. हिरवं वर्तुळ, एक. मग सगळं पुसून तिनं पुन्हा पाच दिल्या आणि पाच वेगळी बटणं दाबली.

फोन किंचाळला. पडदा लाल झाला. तो आवाज शेजारच्या घरापर्यंत जाईल असाच बनवलेला होता. बाबा आतून अनवाणी धावत आले.

"कुणाची? कुणाची वाजली?"

"कुणाची नाही. सराव आहे."

तिनं आवाज बंद केला. बाबा दाराची चौकट धरून उभे राहिले.

"हिची अशी वाजली असती?"

"शनिवारी सकाळीच वाजायला हवी होती."

बाबा आत गेले आणि दार लोटून घेतलं.

केतकीला सगळ्यात जास्त संताप आला तो एका गोष्टीचा. कंपनीच्या टेस्टरनं हे कसं तपासलं असेल ते तिला डोळ्यांसमोर दिसत होतं, कारण तिनंही तसंच तपासलं असतं. पाच चणचणी द्या. बटणं सहा आहेत, मग एकेकाला हात लावून घ्या, एका दगडात पाच तपासून होतात. पाच चणचणी, पाच बटणं, संख्या पाच, भोंगा वाजला, पास. टेस्टर कधी एकच बटण पुन्हापुन्हा दाबत नाही. ते आई करते. रोज नवं काहीतरी दुखतं म्हणून सांगणाऱ्या, घर डोक्यावर घेणाऱ्या बायका या ॲपनं वाचवल्या असणार. एकच शब्द बोलून गप्प बसणाऱ्या बायकांना ते मोजत नव्हतं.

*

तिनं कंपनीला सरावाचं चित्रीकरण पाठवलं. चौथ्या दिवशी निखिल सबनीस नावाचा माणूस पुण्याहून आला. तिशीचा, नीटनेटका, चप्पल दाराबाहेर काढून आत येणारा. ॲपची जबाबदारी त्याच्याकडे होती.

"काका, ताई, सगळ्यात आधी, आम्हाला फार वाईट वाटलं."

"बसा," केतकी म्हणाली. "चहा घेणार की आधी वाईट वाटून घेणार?"

"केतकी," बाबा म्हणाले.

"चहा चालेल," सबनीस हळू आवाजात म्हणाला.

चहा आला. त्यानं लपवाछपवी केली नाही, एवढं तिनं मनात त्याच्या बाजूनं मांडलं. "तुम्ही म्हणता ते खरं आहे. गट केलेल्या मागणीची संख्या विचारली की फ्रेमवर्क असंच वागतं. हे त्या फ्रेमवर्कचं, म्हणजे, वैशिष्ट्य आहे."

"फ्रेमवर्क अहवालावर सही करत नाही. तुम्ही केलीत. 'वापरकर्तीने चुकीच्या सदरात.'"

"ती भाषा कायदा विभागाची आहे."

"माझ्या आईबद्दल आहे."

सबनीसनं कप खाली ठेवला. "दुरुस्ती तयार आहे, ताई. चार ओळींची आहे. पण टिकली वैद्यकीय उपकरण आहे. मंजुरीशिवाय बदल फोनवर पाठवता येत नाही. दोन महिने तरी लागतील."

"आणि तोपर्यंत?"

सबनीसनं कप पुन्हा उचलला.

"आज, आत्ता, एकच सदर आणि आत पाच किंवा जास्त नोंदी, अशा किती जणी आहेत?"

"ते आम्हाला कळूच शकत नाही. नोंदी त्यांच्या फोनमध्ये आहेत. आमच्यापर्यंत फक्त संख्या येते."

"चुकीची."

"हो. चुकीची."

"मग त्यांना सांगा. फोन उघडा, त्रिकोण दाबा, स्वतः मोजा."

"ताई, टिकली चुकते असं आम्ही जाहीर केलं तर लोक टिकल्या ओरबाडून टाकतील. गेल्या वर्षी टिकलीनं कितीतरी माणसं वाचवली आहेत. भीतीनं त्याहून जास्त मरतील. हे मी कंपनीची बाजू म्हणून सांगत नाही. माझ्या आजीलासुद्धा टिकली आहे."

"आजीचा फोन उघडून बघितलात?"

सबनीसची मान खाली गेली.

"बघितलात," केतकी म्हणाली. "माझं चित्रीकरण मिळालं त्याच दिवशी बघितला असेल. तुमच्या आजीला सांगणारं घरात कुणीतरी आहे. छान आहे."

बाबांनी या वेळी तिला थांबवलं नाही. सबनीस गेल्यावर त्याचा अर्धा राहिलेला चहा तिनं मोरीत ओतला आणि कप इतक्या जोरात घासला की कान तुटला.

हृदयकक्षातल्या डॉक्टर तावडे फोनवर भेटल्या. त्यांचा आवाज थकलेला होता. "आमच्याकडे रोज चाळीस हजार आकडे येतात. तुमच्या आईचा आठवडाभर एकच येत होता. एकाला आम्ही फोन करत नाही." मग म्हणाल्या, "जिल्ह्यातल्या सगळ्या टिकल्यांच्या फोनवर मी आवाजी निरोप पाठवू शकते. तेवढा अधिकार मला आहे, कंपनीला विचारावं लागत नाही. पण कारण नसताना पाठवता येत नाही, आणि कारण म्हणजे तुमच्या आईचा मृत्यू. मृत व्यक्तीचं नाव आणि माहिती वापरायला जोडीदाराची संमती लागते. तुमची चालत नाही. वडिलांची हवी."

"मिळेल."

"आणि बोला तुम्हीच. आमचे निरोप लोक न ऐकताच पुसतात. घरचा आवाज ऐकतात."

*

बाबा नाही म्हणाले.

दुपारची जेवणं झाली होती. ताटं तशीच होती. "आपल्या घरातलं सगळ्या जिल्ह्यानं का ऐकायचं?" ते म्हणाले. "ती गेली. आता तिचं नाव कशाला फोनाफोनांत वाजवायचं? तिला आवडलं असतं का?"

"नसतं आवडलं. तिला काहीच आवडायचं नाही, ज्यात तिच्याकडे कुणी बघेल."

"मग?"

"मग त्यामुळेच तर."

"आवाज चढवू नकोस."

"चढवलेला नाही, बाबा. चढवीन तेव्हा कळेल तुम्हाला."

बाबांनी ताटातलं एक शीत बोटानं कडेला सरकवलं. मग म्हणाले, "चाळीस वर्षं मी प्रयोगशाळेत काढली. उपकरण रोज सकाळी तपासून घ्यायचो. माहीत असलेलं द्रावण घालायचं, आकडा बरोबर येतो का बघायचं, मगच रस लावायचा. एक दिवस चुकवलं नाही. आणि घरात..."

केतकीनं त्यांना धीर दिला नाही. मागचे तीन आठवडे जो आला त्यानं दिला होता. कुणाला कळणार होतं, विनायकराव. तुमच्या हातात काय होतं, विनायकराव. तिला आता वाटलं, त्या धीराखाली बाबाही पुरले गेलेत.

"आज कुणीतरी दुसरी ओट्याला टेकून उभी असेल," ती म्हणाली. "तिच्या नवऱ्यानं आतून आकडा विचारला असेल. तो तुमच्यासारखाच भला माणूस असेल. मला एवढंच म्हणायचंय."

बाबा उठले. हात धुऊन आले, पंच्यानं अंगठा नीट कोरडा केला आणि डॉक्टरांनी पाठवलेल्या संमतीवर, तिच्या फोनच्या पडद्यावर, ठेवला. हिरवी खूण उमटली.

"बोल. पण आपल्या घराला शोभेल असं बोल," ते म्हणाले. आणि आत जाऊन एक कागद घेऊन आले. त्यावर त्यांनी आपल्या रेखीव अक्षरात चार वाक्यं लिहिली होती. म्हणजे नाही म्हणण्याआधीच लिहून ठेवली होती. केतकीला त्याचाही राग आला.

तिनं कागद समोर ठेवला. बाबा खुर्ची ओढून समोरच बसले. तिनं लाल बटण दाबलं.

"नमस्कार. मी केतकी, कराडहून बोलतेय. माझी आई नीलिमा टिकली लावत होती. ती हृदयविकारानं गेली. टिकलीचं चुकलं नव्हतं, ॲपची मोजणी चुकली होती. टिकली काढू नका. फोन उघडा, प्रत्येक सदराशेजारचा त्रिकोण दाबा आणि गेल्या सात दिवसांतल्या आतल्या नोंदी स्वतः मोजा. वरचा आकडा मानू नका. सगळ्या मिळून पाच किंवा जास्त भरल्या तर आत्ता उठा आणि दवाखान्यात जा. स्वतःला वाचता येत नसेल तर घरातल्या माणसाला वाचायला सांगा."

कागदावरची तीन वाक्यं तिच्या शब्दांत सांगून झाली होती. चौथं उरलं होतं. 'आम्ही कुटुंबीयांनी तिची सर्वतोपरी काळजी घेतली होती.' बाबा तिच्या ओठांकडे बघत होते. बाहेर कुणाच्या तरी स्कूटरचा हॉर्न वाजला आणि विरला.

केतकीनं कागद पालथा केला.

"एक राहिलं," ती म्हणाली. तिचा आवाज चढला, आणि तिनं तो चढू दिला. "माझी आई दर वेळी पित्त म्हणायची. कारण पित्त झालं म्हटलं की घरात कुणाला उठावं लागत नाही. छातीत दुखतंय म्हटलं असतं तर बाबांना गाडी काढावी लागली असती, मला काम टाकावं लागलं असतं. ते तिनं आमच्यावर येऊ दिलं नाही, आणि आम्हीही येऊ दिलं नाही. आम्ही आकडा विचारायचो. मला कंपनीचा राग आलाय. बाबांचा आलाय, ते समोरच बसलेत. माझा आलाय. आणि आई, तुझाही आलाय, आजवर कधी म्हटलं नाही, आज म्हणते. दुखतंय म्हणायचं होतंस. आम्ही उठलो असतो."